विमानाच्या खोलीत संत्रं नाही

पांढुर्ण्याच्या आमच्या घरात बाबांचा एक कायदा होता. विमानाच्या खोलीत संत्रं न्यायचं नाही. चप्पल घालून गेलं, जेवणाचं ताट घेऊन गेलं तरी बाबा फार तर कपाळाला आठ्या घालायचे. पण संत्रं नाही, आणि संत्रं सोललेला हातही नाही. आता हिवाळ्यात पांढुर्ण्यात राहून संत्र्याचा हात नसलेला माणूस आणायचा कुठून? आंबिया बहराची संत्री निघाली की आई रोज मंडीत छाटणीला जायची, लहानमोठी, चांगली-डागी फळं वेगळी करायला. तिच्या बोटांचा, पदराचा वास थेट होळीपर्यंत जायचा नाही.

बाबा हवाई दलात होते. उडणाऱ्यांत नाही, जमिनीवरच्यांत. वैमानिकाच्या डोक्यावर जे पारदर्शक झाकण असतं, त्याला कॅनॉपी म्हणतात. उड्डाणाआधी ती पुसून लख्ख करणं हे त्यांचं एक काम होतं. कॅनॉपीवर तिळाएवढा ठिपका राहिला तर आभाळात वैमानिकाला तो दुसरं विमान वाटू शकतो, हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की पाव्हण्यांसमोर बाबांनी तोंड उघडलं की पुढचं वाक्य मीच पूर्ण करायचे. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांनी मागची छोटी खोली ताब्यात घेतली आणि प्लास्टिकची वीत-वीतभर विमानं नि मोटारी जोडायला लागले.

जोडणं म्हणजे अर्धंच काम. बाबांचा खरा जीव ती जुनी, वापरलेली दिसण्यात. नव्याकोऱ्या रंगावर चंदेरी रंगाचे बारीक टवके, इंजिनाच्या धुराड्यामागे कोळशाची पूड, चाकांना सावरगावच्या रस्त्यावरची चाळलेली माती. मीही त्यांच्याजवळ बसून मोटारी करायला शिकले. एकदा मी एका जीपच्या दारावर हौसेनं भरपूर गंज चढवला. बाबांनी भिंग लावून पाहिलं.

"हा गंज कायचा?"

"कायचा म्हणजे? जुनी जीप आहे, बाबा."

"पाणी कुठून आलं? कुठं थांबलं? डाग पडला त कायचा पडला ते सांगता आलं पाहिजे. नाही त पुसून टाक."

मी चिडून तो सगळा दरवाजाच खरवडला. मी बाबांसारखी तापट आहे असं आई म्हणते, आणि बाबा म्हणतात मी आईसारखी अढी धरते. दोघांचंही खरं आहे.

आईची अढी मी जवळून पाहिली आहे. मी कॉलेजात होते तेव्हा बाबांना एका लढाऊ विमानाचा संच मिळाला. ज्या विमानांच्या कॅनॉप्या त्यांनी वर्षानुवर्षं पुसल्या, तेच विमान. संच जुना, पुन्हा निघणार नव्हता. बाबा लहान मुलासारखे हरखले होते. त्या संध्याकाळी आई मंडीतून आली, संत्रं सोलता सोलताच आत गेली आणि टेबलावरची कॅनॉपी उचलून उजेडाला धरली.

"पाण्याचा थेंबच हाय जसा," म्हणाली आणि अलगद खाली ठेवली.

संत्र्याच्या सालीतलं तेल हे प्लास्टिक खातं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनाही नाही. सकाळी कॅनॉपीत आईचा अंगठा उमटलेला होता, एकेक रेघ मोजता येईल असा. बाबांनी पुसलं, धुतलं, घासलं. जाईना. मग ते ओरडले. दारात शेजारच्या बाया उभ्या होत्या, मंडीत आईसोबत जाणाऱ्या, तिलाच बोलवायला आलेल्या.

"हे हात मंडीतच ठेवून येत जाय!"

 त्या दिवसापासून आईनं त्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही. चहा दाराबाहेरच्या स्टुलावर. झाडू माझ्याकडे. काही सांगायचं असलं तर उंबरठ्याबाहेरून, तेही माझ्यामार्फत, "सांग तुह्या बाबाले." बाकी घरात दोघं नीट बोलायची, भांडायची, सोबत बाजाराला जायची, विहारात जायची. फक्त ती खोली आली की आईचे पाय थांबायचे. बाबांनी कधी "ये" म्हटलं नाही. संत्र्याचा कायदा मात्र केला. विमान डब्यात गेलं आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर.

मी नोकरीला सौंसरला गेले. मध्ये बरीच वर्षं गेली. मागच्या पावसाळ्यात बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी थोडं थांबेल, पण हे वाढत जाणार. परतीच्या बसमध्ये सौंसर आलं. मी उतरायला उठले तेव्हा बाबा म्हणाले, "ते विमान तेवढं पुरं करू. मग खोली बंद. सारं भंगारवाल्याले देऊन टाकतो." आई शेजारीच बसली होती. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

मला विमानाचं काही वाटत नव्हतं. मला भीती वाटली ती ह्या दोघांची. खोली एकदा बंद झाली की बाबा दिवसभर ओट्यावर हात लपवून बसणार, हे मला दिसत होतं. आणि आईला आत यायला मग आतच उरणार नव्हतं.

रविवारी रविवारी मी पांढुर्ण्याला जायला लागले. माझ्याकडे काम होतं कॅनॉपीचं. पाण्यात भिजवलेल्या अगदी मऊ पॉलिश पेपरनं तो डाग हळूहळू झिजवायचा, मग टूथपेस्ट लावून सुती कापडानं कॅनॉपी चमकवायची. जोर पडला तर तडा जाईल आणि दुसरी मिळणार नाही. पाठीशी बाबांचा श्वास. "हळू." "हळूच करून राहिली ना, बाबा." "त्या कडेले नको दाबू." एकदा मी पेपर टेबलावर आपटून उठले, तर उंबरठ्याबाहेरून आई हलक्या आवाजात म्हणाली, "बस वं बाई. निघू दे तो डाग एकदाचा." तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं तीही मनात तोच डाग घासत बसली होती. मला रडू आलं, पण हातात कॅनॉपी होती.

डाग गेला. डिसेंबरातल्या एका दुपारी मी कॅनॉपी उजेडाला धरली आणि पलीकडची भिंत स्वच्छ दिसली. विमान तयार होतं. पोटाला तेलाचे ओघळ, पंखांवर बुटांनी घासलेला रंग, प्रत्येक डागाला कारण. फक्त झाकण तेवढं बसवायचं होतं.

"दे," बाबा म्हणाले. "हे मी बसवतो."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं. आता नाही म्हणणं म्हणजे त्यांचा हात गेला असं तोंडावर सांगणं, आणि हो म्हणणं म्हणजे कॅनॉपी गेली. मी दिली. त्यांनी चिमट्यानं पांढरा गोंद कडेला लावला, बराच वेळ श्वास धरला आणि कॅनॉपी उचलली. हात विमानावर आला आणि जोरात थरथरायला लागला. कॅनॉपी पंखावर आपटली, टेबलावरून खाली पडली आणि घरंगळत उंबरठ्यापाशी जाऊन थांबली.

उंबरठ्यापलीकडे आई सुपात संत्री घेऊन बसली होती. अर्धं सोललेलं संत्रं तिच्या हातात होतं. तिनं ते टाकलं आणि दोन्ही हात वर धरले, कोणी बंदूक रोखल्यासारखे.

"फुटली काय?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"नाही फुटली," आई म्हणाली.

मी उठायला गेले तर बाबांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"उचल," ते आईला म्हणाले.

"अजी, माहे हात संत्र्याचे हायेत."

"माहीत हाये. उचल आन् आत घेऊन ये."

आई हलेना. मला वाटलं ही आता उठून स्वयंपाकघरात जाईल आणि सगळं इथंच संपेल. बाबांचा हात माझ्या खांद्यावर थरथरत होता. मग ते म्हणाले, "तेव्हा चुकलं माहं. बायांसमोर बोलून गेलो. ये ना आता."

आईनं कॅनॉपी दोन बोटांत धरली, उठली आणि उंबरठा ओलांडून आत आली. मी साबणाच्या पाण्याकडे झेप घेतली. तेल लगेच धुतलं तर डाग पडत नाही, हे एव्हाना मला माहीत होतं. वेळ होता.

"ठेव ते पाणी," बाबा म्हणाले.

"बाबा, पुन्हा उमटेल. किती रविवार घासली मी!"

"उमटू दे."

आईनं कॅनॉपी त्यांच्या बोटांत दिली आणि त्यांचं मनगट आपल्या हातात धरलं. थरथर थांबली नाही, पण कमी झाली. कॅनॉपी जागेवर बसली. आईनं अंगठ्यानं ती वरून दाबून धरली, गोंद धरेपर्यंत.

खोली बंद झाली नाही. बाबांच्यानं आता रंग होत नाही, ते सांगतात आणि मी करते. आईनं तिथल्या खिडकीशी स्वतःसाठी एक खुर्ची आणून ठेवली आहे.

परवा रामाकोन्याहून मामा आले. त्यांनी भिंग घेऊन ते विमान नीट पाहिलं, तेलाचे ओघळ, घासलेला रंग, आणि कॅनॉपीशी थांबले.

"भाऊजी, बाकी सारं समजलं. हे निशाण कायचं हो?"

"संत्र्याचा डाग हाये," बाबा म्हणाले. "तुह्या बहिणीचा अंगठा."

आई खिडकीशी संत्रं सोलत होती. तिनं एक फोड पुढे केली आणि बाबांनी ती टेबलाशी बसूनच खाल्ली.