मागचा पंख आणि अवीदादाचा संशय

वहिनीचा फोन आला, तेव्हा मला तो खरा वाटला नाही. “हे गेले गं…” एवढंच ती बोलली आणि फोन कटला. अवीदादा, माझा चुलतभाऊ, आदल्याच संध्याकाळी माझ्याशी भरपूर बोलला होता. मी शेजाऱ्यांना फोन लावून पुन्हा विचारलं. एकाच्या तोंडचं ऐकून काही मानायचं नाही, ही सवय त्याचीच. शंकर नगरला त्याच्या घरी पोहोचले आणि दारातल्या चपला पाहिल्या… मग विचारायचं काही उरलं नाही.

दादा रेसच्या गाड्यांची बॉडी बनवायचा. भनपुरीत, कारखान्यांच्या भागात, त्याची शेड होती, आणि त्यानं बांधलेली गाडी मी चालवायचे. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या नातेवाइकांना याचं कौतुक कमी, धास्ती जास्त. गाडीचे मालक मात्र वेगळे. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. एका हंगामात शेठनी गाडीच्या मागे जुन्या लहान पंखाऐवजी लावायला मोठा पंख आणला. विमानाचा पंख वर उचलतो, हा उलटा. वेगात हवा लागली की गाडीला जमिनीवर दाबून धरतो. सरावात माझी फेरी एकदम जलद झाली. शेठनी पेढे वाटले. दादानं पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवला.

“जोराच्या वळणात स्टिअरिंग कसं लागते?” त्यानं विचारलं.

“थोडं हलकं.”

“मंग? पंख मागच्या चाकांच्याही मागे लटकून राहिला. शेपटीवर बसलं तं नाक उचलणारच ना. हळू वळणात समजत नाही, तिथं हवेचा जोर नसते.”

मग त्यानं पुढच्या शॉकरच्या, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळीच्या, दांडीवर रबराची रिंग चढवली. “ब्रेक न लावता सरळ जोरात जाऊन ये,” म्हणाला. नाक जितकं दबेल तितकी रिंग सरकणार. जुन्या पंखाच्या वेळेपेक्षा ती कमी सरकली. तरी त्याला खरं वाटेना. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. फेरी थोडी मंद झाली तरी चालेल, पण पंखाचा कल कमी करायचा, त्यानं ठरवून टाकलं.

शेठ भडकले. “अवि भैया, दूसरी टीमवालों से बात हुई है क्या आपकी?” संशय माझ्याही मनात होता, पण निराळा: मी मुलगी म्हणून तर हे नाही ना? शेडच्या मागे गाठून मी विचारलं, “मी पोट्टा असते तं असंच केलं असतं?”

“त्यालेही हेच म्हटलं असतं. भरोसा तुह्यावर आहे, पंखावर नाही.”

मला ते तेव्हा पटलं नाही. शर्यतीच्या सकाळी त्यानं शेठसमोरच पाना घेऊन पंखाचा कल कमी केला. मी धुसफुसतच गाडीत बसले. तसाच मोठा पंख लावलेली एक गाडी माझ्या पुढे होती, आणि ती आणखी एकीच्या अगदी पाठीला चिकटून चालली होती. पुढच्या गाडीनं फाडलेल्या हवेत नाकावरचा उरलासुरला दाबही जातो. जोराच्या वळणावर त्या पंखवाल्या गाडीची पुढची चाकं वळलेली मला दिसली, गाडी मात्र सरळच गेली… टायरांच्या भिंतीत. ड्रायव्हरचा पाय मोडला. त्याच वळणातून मी नीट बाहेर आले. चौथी आले.

“जीत सकती थी,” म्हणत शेठनी दादाला काढून टाकलं. परतीच्या प्रवासात मी म्हटलं, “तुझंच खरं निघालं.” तो चिडला. “त्याचा ब्रेक गेला असला तं? गाडी खोलून पाहिल्याशिवाय काहून बोलून राहिली?” स्वतःच्या खरेपणावरही त्याचा विश्वास नव्हता. त्या गाडीचं काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. पण त्यानंतर तो नको म्हणाला त्या गाडीत मी बसले नाही.

परवा वहिनीकडे गेले होते. ती मला त्यांच्या खोलीत घेऊन गेली. कूलरच्या जाळीवर लाल लोकरीचे तुकडे चिकटवलेले होते. “वारा माह्यापर्यंत येत नाही म्हटलं होतं मी,” ती म्हणाली. “कंपनीवाला म्हणे, बराबर येते. ह्यायले पटलं नाही. बसले वारा कुठं जाते पाहाले धागे लावत, जाळीच्या पट्ट्या वाकवत.” तिनं बटण दाबलं. सगळे धागे उठले आणि पलंगावरच्या तिच्या बाजूकडे ताठ झाले. दादाच्या उशीवरचा अभ्रा जरासुद्धा हलला नाही.