नऊशे अंकांचा साखरपुडा

शेअर बाजारातलं मला सगळं समजलं होतं. अंक म्हणजे काय, तेवढंच राहिलं होतं.

कळंबचा माझा साडू विजय. त्याच्या नादी लागून मी एका कंपनीचे शेअर घेतले होते, तीनशे रुपयांना एक. त्याच्या मुलीच्या, पल्लवीच्या, साखरपुड्यासाठी आम्ही मारेगावहून निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात टीव्हीवरचा माणूस ओरडला, "बाजार नऊशे अंकांनी कोसळला!"

मी अंक म्हणजे रुपया धरला. तीनशेच्या शेअरमधून नऊशे गेले, म्हणजे दर शेअरमागे सहाशे रुपये उलट मीच भरायचे. माझं डोकं फिरलं.

"त्या विजयनं बुडवलं आपल्याले," मी बायकोला म्हणालो.

"आधी फोन करून इचारा त्याले," सुनंदा म्हणाली.

"फोन कायले? तोंडावरच इचारतो."

एसटीत शेजारच्या प्रवाशाला मी विजयचे सगळे गुण सांगितले. (त्याने विचारले नव्हते.) कळंब येईपर्यंत राग उतरायचा, तो आणखी चढला.

मांडवात पल्लवीला कुंकू लावणं चालू होतं. मी सरळ जाऊन विजयची कॉलर धरली. "काहून रे, बाजार नऊशे अंकांनी पडला, शेअरमागं सहाशे रुपये मी भरू? मले भिकेले लावून इथं जिलबी वाटून राह्यला?"

मुलाचे वडील ताडकन उठले. "काय भानगड हाय?"

"दिवाळं निघालं याचं," मी ओरडलो. (माझं म्हणायचं होतं. रागात याचं झालं.)

मुलाकडचे पाहुणे चपला शोधू लागले. तेव्हा पल्लवीच पाटावरून उठली, शालू सावरत माझ्यासमोर आली.

"काका, अंक म्हणजे रुपये नाही. मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून बाजाराचा एक आकडा काढतात. तो ऐंशी हजाराच्या घरात हाय. त्यातले नऊशे गेले म्हणजे शंभरातला एक रुपया अन् वर थोडे पैसे." तिने मोबाईल माझ्या नाकाशी धरला. "अन् तुमचा शेअर आज दोन रुपयांनी वर हाय. आता माह्या बापाची कॉलर सोडा."

मी सोडली. बटण माझ्या हातातच राहिलं.

पाहुणे परत बसले. मुलाचे वडील मात्र माझ्याकडेच रोखून बघत होते. "हे करतात काय?" त्यांनी सुनंदाला विचारलं.

मांडवातल्या तमाशाचा तिचा राग अजून उतरला नव्हता.

"शाळेत गणित शिकवत होते," ती म्हणाली. "रिटायर झाले, पोरं वाचली."