लाल डोळ्याची माशी

लोकांचे नवरे म्हशी पाळतात, आमचे हे माश्या. हसू नका! नांदेडच्या कॉलेजात रामकिशन म्हणलं की माशीवाले मामा. केळावर घोंगावतात त्या बारक्या माश्या. त्यांना गूळ-मक्याचं खाणं शिजवून घालायचं, जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत घ्यायचं, ह्यातच यांचे केस पिकले. घरची कपबशी धुवायची म्हणलं की कंटाळा, पण तिथली बाटली कशी लख्ख!

त्या माश्यांवर शिकणारी बुद्धप्रिया, निलंग्याची पोर. तिच्या बाटलीत समद्या पांढऱ्या डोळ्याच्या माश्या, लई निगुतीनं जपलेल्या; दुसऱ्या डोळ्याची एकबी मिसळली तर वाणच बिघडला. लातूरला माशीवाल्या शास्त्रज्ञांची परिषद भरणार होती. आपण बायका बी-बियाणं देतो-घेतो, तशा तिथं बाटल्या देतात-घेतात. बंगळूरच्या एक बाई बुद्धप्रियाची बाटली नेणार होत्या, अन् माल पसंत पडला तर पोरीलाबी आपल्याकडं कामाला घेणार होत्या.

परिषद पंधरा-वीस दिवसांवर आली, पोर लिहिण्यात गुंतली, बाटल्या यांच्या भरवशावर. बदलताना शेजारच्या बाटलीतला लाल डोळ्याचा एक नर सुटला अन् शिरला हिच्या बाटलीत. यांनी बघितलं. काढाया गेले तर त्या गर्दीत सापडंना. सांगावं तर पोरीच्या तोंडचं पाणी पळंल. एवढ्याशा माशीनं काय होतंय, म्हणून बूच लावलं अन् गप बसले. तवापासून अर्धी भाकर ताटात टाकून उठायचे, ती बाटली बघायचं धाडस होईना. मी विचारलं तर म्हणं पित्त झालंय. कसलं पित्त न् कसलं काय! मनाला खात होतं.

बाटल्या सांभाळायला हेबी लातूरला संगं गेले होते. तिथं बाईंनी बाटली उजेडात धरली. नव्या पिलावळीत लाल डोळे! बाईंनी बाटली खाली ठेवली अन् निघून गेल्या. पोरीला शिकवणाऱ्या सरांनी समद्यांपुढं तिला झापलं, "एवढा हलगर्जीपणा?" ती खाली मान घालून "चुकलं सर" म्हणत राहिली.

मग यांना राहवलं न्हाई. सरांपुढं जाऊन म्हणले, "सर, ते माझ्या हातून झालंय. म्या बघितलं अन् सांगितलं न्हाई."

सर चक्क हसले. "रामकिशन, तुझ्या हातून? पोरीला पाठीशी घालू नको बाबा." यांनी लेकराची शपथ घेतली, तरी सर यांच्या पाठीवर थोपटून जेवायला गेले.

बाहेर बुद्धप्रिया उभी होती. यांनी हात जोडून तिलाबी सांगितलं. तर ती डोळे पुसत म्हणली, "मामा, माझ्यासाठी तुम्ही आळ अंगावर घेतला. माझ्या बापानंबी एवढं केलं नसतं." अन् खाली वाकली.

घरी आले ते चपलाबी न काढता दारातच बसले अन् समदं सांगितलं. पहिल्याच दिवशी का सांगितलं न्हाई म्हणून मी तोंड सोडणार, तेवढ्यात मलाच म्हणले, "दोन कानफटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं गं. पाया पडली ती माझ्या."