अनसिंगच्या पाटाच्या अल्याड-पल्याड

ज्योत्स्नाच्या नागपूरच्या नव्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर एक खिळा आहे आणि त्यावर काहीच टांगलेलं नाही. वास्तुशांतीला गेले होते तेव्हा मी विचारलं, "हे काय, घड्याळ आणायचं राहिलं का?" ती म्हणाली, "तिथं बाबा आणि काकू लावायचेत. एका फोटोत. पण तो फोटोच नाहीये जगात."

ज्योत्स्ना माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. माहेर वाशीम जिल्ह्यातलं अनसिंग, घरचा मळा, पिढ्यान्‌पिढ्यांचा भाजीपाला. ती शाळेत असतानाच तिची आई गेली आणि मागोमाग काकाही. मग तिला वाढवलं बाबांनी आणि काकूंनी, मळाही या दोघांनीच सांभाळला. आता नात्याची गाठ बघा: बाबा म्हणजे काकूंचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि त्या घरात भासऱ्याशी बोलायचं नाही, समोरासमोर उभं राहायचं नाही, ते आले की डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढायचा. इतकी वर्षं एकाच विहिरीचं पाणी एकाच मळ्याला देणारी ही दोन माणसं एका फोटोत आलेली नाहीत. ज्योत्स्नाच्या लग्नातही नाहीत. चुलतभावानं एकदा मोबाइलवर दोघांचे फोटो जोडून दाखवले, तर काकू म्हणाल्या, "खोटा हाय. मी तेथं उभी नोती."

हे ऐकून मी फुशारकीनं बोलून गेले की माझा डबा घेऊन येते, बघू कशा नाही म्हणतात. डबा म्हणजे माझा जुना फिल्म कॅमेरा, जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. पुढे दोन भिंगं, एक बघायला आणि एक फोटो घ्यायला. वरचं झाकण उघडायचं, कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत बघायचं. एका रोलवर बारा फोटो, आणि रोलची किंमत अशी की बटण दाबण्याआधी माणूस देवाचं नाव घेतो. घरचे म्हणतात मला वेड लागलंय. लागलंय खरं.

तर डिसेंबरात निघाले. पुण्याहून रात्रीची रेल्वे, सकाळी अकोला. स्टेशनबाहेर गरम आलूभोंडे खाल्ले आणि वाशीमची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकी मिळवण्यातच काय ती कसरत. पातूर सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो. खिडकीशी बसा, झोपू नका. सागाची मोठाली पानं वाळून तांबूस झालेली असतात आणि मधेच एखाद्या वळणावर खाली तुरीचं शेत अचानक उघडतं. वाशीमच्या अलीकडच्या मालेगावच्या थांब्यावर बाजूच्या आजींनी माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"काय हाय वं थे? रेडू?"

"कॅमेरा आहे आजी."

"एवढा? मोबाइल चोरीले गेला काय तुहा?"

वाशीमला पद्मतीर्थ तलावाच्या पायऱ्यांवर एक फोटो काढला, मग गाडी बदलून पुसदच्या रस्त्यानं अनसिंग. मुक्कामासाठी वाशीमच्या स्टँडजवळ साधी लॉज आहेत, मी मात्र थेट ज्योत्स्नाच्या घरी. ती नागपूरहून आदल्या दिवशीच आली होती. जेवायला सोल्याची आमटी होती, म्हणजे तुरीच्या हिरव्या दाण्यांची, आणि ज्वारीची भाकर. तिसरी भाकर काकूंनी न विचारताच वाढली. मग अंगणातून बाबांचा आवाज आला.

"चांदे, मोटर उद्या सकाळी लावतो म्हना. लाइन सकाळची हाय."

मी चमकून बाहेर बघितलं. बाबा गायीशी बोलत होते. चांदी कडबा चघळत होती. आतून काकू म्हणाल्या, "चांदे, आधी मेथीले द्या म्हना पानी. वांगे राहू शकते."

"चांदे, बरं म्हना."

ज्योत्स्ना निवांत जेवत होती. तिला यात नवल काहीच नव्हतं, ती हे ऐकतच मोठी झालेली. "चांदीच्या आधी तिची आई होती," ती म्हणाली, "त्याआधी एक बैल. मळ्याचा सगळा कारभार असाच चाललाय." माझा घास हातातच राहिला. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये माणसं एकमेकांशी थेट बोलतात आणि पाण्याच्या टाकीचा प्रश्न तीन वर्षं तसाच पडून आहे.

सकाळी मळ्यात गेलो. थंडी चांगलीच होती. वाफ्यांवर मेथी, पालक, सांबार (आपली कोथिंबीर हो, इकडे हाच शब्द), पलीकडे वांगी, आणि मधोमध दगडी कठड्याची विहीर, तिच्यावर वाकलेला कडुनिंब. मोटर सुरू झाली आणि पाटातून पाणी पळायला लागलं. ऊन कडुनिंबाच्या फांद्यांखालून आडवं आलं, पाण्यावर पडलं आणि सगळा मळा एकदम उजळला. मी इतकी गप्प झाले की ज्योत्स्नानं विचारलं, "बरं वाटतंय ना?" मला फार बरं वाटत होतं. मोबाइलवर मी आतापर्यंत पन्नास फोटो काढून एकही धड बघितला नसता. इथे तिपाईवर, म्हणजे ट्रायपॉडवर, कॅमेरा लावला, विहीर आणि पाट काचेत नीट बसवले आणि नुसती बघत उभी राहिले.

काकूंना विचारलं, दोघांचा काढू का? त्या पाटावरूनच मागे सरल्या.

"भासऱ्याच्या बाजूले मी कायले उभी राहू वं? माह्या घरच्याहीनं वरून पाह्यलं तं काय म्हनतीन?"

ज्योत्स्नानं दोन-तीनदा समजावून पाहिलं. मग ती मेथीच्या जुड्या बांधायला लागली. तिचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, ठीक आहे, वेगवेगळे काढू, खिळे दोन ठोकू.

आधी बाबा. डोक्यावर पांढरी टोपी, हातात फावडं, पाटाच्या अलीकडे उभे राहिले. मी काचेत बघितलं, बटण दाबलं. "झालं?" असं विचारून ते पलीकडच्या वांग्यांकडे पाणी वळवायला गेले. तेवढ्यात ज्योत्स्नानं हाक मारली, तुरीच्या शेंगा उकडून झाल्या होत्या. गरम शेंगा तोंडानं सोलत काकूंना बोलावलं. बाबा नजरेआड झाल्याशिवाय त्या येईनात. आल्या तरी बाबा उभे होते त्या जागी पाय ठेवीनात. पाट ओलांडून पलीकडच्या काठावर गेल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू मान खाली घालून फोटो काढतं काय?"

"हो काकू. या कॅमेऱ्यात असंच बघावं लागतं."

"हे चांगलं हाय. तो मोबाइलवाला तोंडासमोर धरून पाह्यत राह्यते, लाज वाटते मले."

आणि त्या हसल्या. जन्मभर मान खाली घालून वावरलेली बाई, समोर कुणीतरी मान खाली घातली म्हणून मोकळी हसली. काचेतलं ते हसू बघून मला भरून आलं. मी बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी ज्योत्स्नाच्या त्या चुलतभावाच्या मोटारसायकलवर मानोऱ्याकडे गेलो. रस्ता बहुतेक बरा आहे, पेट्रोल आणि पाणी मात्र वाशीमलाच भरून घ्या. त्या बाजूला तांडे खूप. एका तांड्यात ओळीनं घरांना कुलपं होती, भिंती नुकत्या सारवलेल्या, अंगणं झाडलेली. एका उंबऱ्यावर बसलेल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सारे ऊसतोडीले गेले. आमी घरं राखून राह्यलो." त्यांनी अख्ख्या ओळीची अंगणं झाडली होती, माणसं परततील तेव्हा घरं पडीक दिसू नयेत म्हणून. तिथे कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीत आकडा बघितला तर माझ्या हिशेबापेक्षा एक फोटो जास्तीचा शिल्लक होता. मी खूश होऊन तो त्या उंबऱ्यावर खर्च केला. जास्तीचा कसा उरला, हे विचारायची अक्कल मला झाली नाही.

ती झाली पुण्यात. रोल मी घरीच धुते, न्हाणीघराच्या दारावर "आत येऊ नये" लावून. औषधं, पाणी, मग ओली फिल्म दोरीला चिमट्यानं टांगून वाळवायची. वाळल्यावर स्कॅनरवर ठेवली. स्कॅनरचा दिवा हळूहळू सरकतो आणि पडद्यावर वरून खाली एकेक पट्टी उमटत जाते. पातूरचा घाट आला. वाशीमच्या पद्मतीर्थाच्या पायऱ्या आल्या. मग विहीर यायला लागली, आधी कडुनिंब, मग एक पांढरी टोपी, आणि टोपीच्या शेजारी पदर.

तेव्हा लक्षात आलं. या कॅमेऱ्यात फोटो काढला की फिल्म हातानं पुढे सरकवावी लागते. नाही सरकवली तरी बटण खुशाल दाबलं जातं आणि दुसरा फोटो पहिल्याच्याच डोक्यावर बसतो. मी शेंगांच्या नादात सरकवलीच नव्हती. म्हणजे बाबांचा फोटो गेला आणि काकूंचाही. ज्योत्स्नाला काय तोंड दाखवू, हाच पहिला विचार आला.

दिवा खालपर्यंत गेला आणि चित्र पुरं झालं. कॅमेरा तिपाईवर होता, म्हणून विहीर विहिरीवर बसली होती, झाड झाडावर. पाटाच्या अलीकडे बाबा. पलीकडे काकू, हसत असलेल्या. दोघं जरा विरळ, त्यांच्या अंगातून कठड्याचे दगड दिसत होते. मधून पाणी वाहत होतं, दोन वेळचं पाणी, म्हणून नेहमीपेक्षा जास्त पांढरं. कितीतरी वेळ मी धुळीचे ठिपके पुसायलाही हात लावला नाही. हे मी केलेलं नव्हतं. माझ्या हातून फक्त चूक झाली होती.

ज्योत्स्नाला फोटो पाठवला. फोनवर बराच वेळ ती रडली आणि मग घाबरली. काकूंना हे चालेल का? मोठी प्रिंट काढून कुरिअर केली आणि म्हटलं, खिळ्यावर लावायच्या आधी त्यांना दाखव. त्या नको म्हणाल्या तर तो फोटो मी कुठेच दाखवणार नाही. ती संक्रांतीला माहेरी गेली आणि मला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल कोनाड्यात उभा केला.

काकूंनी प्रिंट उंबऱ्यात उजेडाला धरली. पदर पुढे ओढला, मग मागे केला.

"कसा निंगाला वं असा?"

मी झालेली चूक सांगितली. एकाच फिल्मवर आधी ते, मग तुम्ही.

"म्हंजे जोडला नाई तुनं?"

"नाही काकू. जोडला नाही."

"मंग हा खरा हाय," त्या म्हणाल्या. "आमी दोघंबी तेथंच होतो. येगयेगळ्या टायमाले. तसेच तं राह्यलो आमी." आणि ज्योत्स्नाला म्हणाल्या, "लाव तुह्या घरी. पाट मधात हाय ना, मंग काई हरकत नाई."

त्यांनी प्रिंट ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि आत गेल्या. मग बाबा आले. चष्मा पुसून त्यांनी ती उचलली आणि खूप वेळ डोळ्यांशी धरली. मला वाटलं कॉल अडकला.

"चांदे," ते म्हणाले, "पाटातलं पानी मस्त दिसून राह्यलं म्हना."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "चांदे, पानी चांगलंच होतं म्हना. पह्यल्यापासून."

ज्योत्स्नानं मोबाइल उचलला, तोंडावर हात दाबला आणि मला अंगण दाखवलं. खुंटा रिकामा होता. चांदीला सकाळीच मळ्यात नेऊन बांधलं होतं.