लाल गाडीला बांधलेला टप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. खोपोलीत पानवाल्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत सगळे हसून झालेत, तुम्हीच तेवढे मागं का राहता? मात्र हसून झालं की मला एवढंच सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर वेगळं काय केलं असतंत? काहीही नाही! पैजेवर सांगते.

लग्न होऊन मी खालापुरातून खोपोलीत आले. सासरी मोटारींच्या बॉड्या बांधायचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची लांबलचक पत्र्याची शेड, चार सुतार, एक लोहार, आणि सागवानाचा भुसा. तो आमटीतसुद्धा सापडतो. लढाई संपल्यापासून बसगाड्या आणि लॉऱ्या धडाधड यायला लागल्या आहेत. पण त्या येतात कशा, ठाऊक आहे? नागड्या! खाली चाकं, पुढं इंजिन, आणि खोक्यावर बसलेला, तोंडाला पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर. ह्याला चासी म्हणतात. मग आमच्या शेडमध्ये तिच्यावर लाकडी सांगाडा चढतो, बाकं बसतात, वर टप, टपावर सामानाला कठडा, मागं शिडी. उघडी येते आणि नवरीसारखी नटून जाते.

सगळं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. बघत होते, बोलत नव्हते. कारण आमच्याकडं नव्या सुनेनं मामंजींसमोर 'हो' ह्या एका शब्दावर भागवायचं असतं.

तर झालं काय, मुंबईचे एक शेटजी खोपोली ते पेण अशी बसची लाईन सुरू करणार होते. सगळ्या बसच्या बॉड्या आमच्याकडं बांधायला द्यायच्या की दुसरीकडं, हे त्यांचं ठरत नव्हतं. ते काम मिळालं तर शेड वाढणार होती. नाही मिळालं तर चारातले दोन सुतार घरी. घरात दुसरा विषयच नव्हता. त्यातच पुण्यात नव्या मोटारींचं एका दिवसाचं प्रदर्शन भरायचं होतं. मामंजी आणि आमचे हे नमुन्याची बस घेऊन पुढं निघाले.

निघताना मामंजी उंबऱ्यात थांबले.

"सूनबाई, शेटजींची एक गाडी येईल. तीही प्रदर्शनात मांडायची आहे. तिच्यात जे काही कमी दिसेल, ते धोंडूकडून पुरं करून घे. शेटजींना बोट ठेवायला जागा नको."

मी म्हटलं, "हो."

कमी म्हणजे काय, हे विचारायची सोय होती का? नव्हती. बरं, कारखान्यातलं काम मामंजींनी मला सांगितलं, हेच पहिल्यांदा घडत होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. लालभडक! ड्रायव्हरच्या तोंडाला पंचा, भुवयांवर धूळ, अगदी चासीवाल्यांसारखा. आणि गाडी? तिला टप नाही. दारं कमरेएवढी. पुढं हातभर काच. बसायला दोन जागा, मागं नुसतं शेपूट. बुटकी तर अशी, की अंगणातली कोंबडी तिच्याकडं वरून बघत होती.

मी दाराआड उभी. परक्या पुरुषाशी नव्या सुनेनं बोलायचं नसतं, म्हणून बोलल्या सासूबाई.

"काय रे, अशीच आणलीस मुंबईपासून?"

"अशीच आनली, आजी. हाडं खिळखिळी झाली. आता मी पळसदरीला भैनीकडं जाऊन येतो. परवा सकाळी पुन्याला न्यायची हाय. तंवर नीट करून ठेवा."

आणि गेला की! ऐकलंत ना? "नीट करून ठेवा." मामंजी म्हणतात कमी असेल ते पुरं कर, हा म्हणतो नीट करून ठेवा, आणि समोर उभी अर्धवट गाडी. आता सांगा!

मी धोंडूला बोलावलं. धोंडू आमचा मुख्य सुतार. सांगितलेलं काम चोख करणार, न सांगितलेलं मेला तरी करणार नाही. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"वैनी, ही लई बुटकी हाय. टप बसवला तर मानसाला वाकून शिराया लागंल."

"वाकू दे. देवळातपण वाकूनच शिरतात."

"आन् मागं?"

"मागं बाक. चौघं बसतील असा."

"चौघं नाय मावायची."

"मावतील," सासूबाई म्हणाल्या. "मांडी घालून बसता येईल एवढा रुंद कर. आणि पानाच्या डब्याला एक फळी."

मग काय, दोन दिवस शेडमध्ये ठाकठूक! मी पहिल्यांदा शेडमध्ये उभी राहिले. हातात गज घेऊन मापं सांगितली. एक गोष्ट मात्र मी बजावली होती. तो लाल रंग इतका सुरेख होता, की त्याला भोक पाडायचा जीव होईना. म्हणून सगळा सांगाडा खालून लोखंडी पट्ट्यांनी आवळायचा, रंगाला ओरखडासुद्धा नको. टप झाला, टपावर कठडा झाला, कडेला ताडपत्रीचे पडदे झाले, मागं शिडी झाली. शेवटी मी स्वतः पुढं कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि लिंबू-मिरची बांधली. काय दिसत होती म्हणून सांगू! मामंजी बघतील आणि म्हणतील, सूनबाई, उद्यापासून शेडकडं तूच बघ. ह्या विचारात मी त्या रात्री भाकरी करपवली.

सकाळी ड्रायव्हर आला. फाटकातच थांबला. मग हळूच खाली बसला, मातीत.

"वैनी... ह्ये काय केलंत?"

सासूबाई देवघरात होत्या. मलाच बोलावं लागलं. "पुरी केली."

"अवो, ती पुरीच व्हती! ती अशीच असते!"

"टपाशिवाय?"

"टपाशिवाय!"

"दोघांपुरतीच?"

"दोघांपुरतीच! स्पोर्ट गाडी हाय ती! साहेबलोकांची! बसच्या दुप्पट किंमत हाय तिची!"

देवघरातून आवाज आला. "अर्ध्या गाडीला दुप्पट पैसे? तुझ्या शेटजींना कुणीतरी फसवलंय रे!"

मला मात्र दुसरंच दिसायला लागलं. बसचं काम! दोन सुतारांची घरं! टप उतरवायचा तर अर्धा दिवस जाणार, आणि प्रदर्शन दुपारी उघडणार. ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला, "शेट मला जिता नाय ठेवायचा."

तेव्हा कुठून बळ आलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "तुम्हाला काही बोलायचे नाहीत. मी येते. मी केलं, मी सांगीन."

"सूनबाई एकटी कशी जाईल?" म्हणत सासूबाई पानाचा डबा घेऊन मागच्या बाकावर चढल्यासुद्धा. मांडी घालून.

बोरघाटानं आजवर पुष्कळ काही पाहिलं असेल. पण दोन बायका, एक पानाचा डबा आणि डोक्यावर सागवानी छप्पर घेऊन चढणारी स्पोर्ट गाडी पाहिली नसेल! ती फुसफुसत होती, धापा टाकत होती. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी सासूबाईंनी रीतीप्रमाणे पैसा टाकला. समोरून येणाऱ्या लॉरीचा ड्रायव्हर आमच्याकडं बघण्याच्या नादात कठड्याला घासता घासता वाचला. पण टप? कुरकुरला नाही! बाक? हललं नाही!

प्रदर्शनाच्या मैदानात मोटारी आरशासारख्या चकाकत होत्या. आम्ही शिरलो आणि बाकीच्या गाड्यांपुढची गर्दी आमच्याकडं सरकली. हशा उसळला. आमच्या ह्यांनी मला पाहिलं आणि रुमालानं उगाचच चष्मा पुसायला लागले. मामंजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. आणि समोरून आले शेटजी. वयानं तरुण, रेशमी सदरा.

"माझ्या गाडीला हे कोणी केलं?"

मामंजी तोंड उघडणार, तेवढ्यात मी बाकावरून वाकून उतरले. "मी."

सून बोलली होती. चारचौघांत, मामंजींसमोर, आणि 'हो' सोडून दुसरं काहीतरी!

"बाई, स्पोर्ट गाडी म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला? हलकी असते. जमिनीला धरून पळते. दोन माणसं आणि तोंडावर वारा! बस्स! तुम्ही तिच्यावर घर बांधलंत!"

"वारा बैलगाडीतपण लागतो," मी म्हटलं. "त्याला कोणी दुप्पट पैसे देत नाही. आणि आमच्या मामंजींनी सांगितलं होतं, कमी असेल ते पुरं कर. टप कमी होता. बाक कमी होतं. दारं निम्मी होती. ह्याहून कमी अजून काय असतं? नुसती चाकं पाठवली असतीत, तर त्यांच्यावरपण गाडी बांधून दिली असती."

गर्दीतून कोणीतरी टाळी वाजवली. एक पगडीवाले गृहस्थ शिडी हलवून बघत म्हणाले, "अहो शेट, मागं चौघं बसतात ती गाडी हीच का? हिची किंमत काय? आम्हाला घरच्या माणसांसकट फिरायचं असतं."

शेटजींनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि वाकून गाडीच्या खाली बघायला लागले. किती वेळ उठेनात! मामंजी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत असावेत, ओठ हलत होते.

"रंगाला ओरखडा नाही," शेटजी उठून म्हणाले. "भोक नाही. किती दिवसांत केलंत?"

"दोन."

"आणि घाट चढून आली. काही हललं का?"

"पानाचा डबासुद्धा नाही," सासूबाई आतून म्हणाल्या.

आता मात्र शेटजी हसले. खो खो हसले. मामंजींचा हात धरून म्हणाले, "माझ्या बसगाड्यांच्या बॉड्या तुमच्याकडंच. पण हिला आत्ताच्या आत्ता मोकळी करा. आणि ह्या बाईंना माझ्या बसगाड्या कितीही दाखवा, दुसरी गाडी दाखवू नका!"

मामंजींनी आणि ह्यांनी मिळून टप उतरवला. एक पट्टी सुटेना तेव्हा मामंजी मान वर न करता म्हणाले, "ही कशी आवळलीस गं?" मी जाऊन दाखवली. तेवढं मला पुष्कळ झालं.

संध्याकाळी शेटजी म्हणाले, "मी मुंबईला परत चाललोय. एकीला खोपोलीपर्यंत सोडतो. टपाशिवाय काय मजा असते, ते एकदा बघाच."

माझ्याकडं बघून म्हणाले हो! मी पदर खोचला. मनातून कधीची अधीर झाले होते, आता तुमच्यापासून काय लपवायचं? वळून बघते तर पुढच्या जागेवर सासूबाई! मांडी घालून, मांडीवर डबा.

"हाण रे बाबा," त्या शेटजींना म्हणाल्या. "बघू तुझा वारा."

लाल ठिपका धूळ उडवत दिसेनासा झाला. स्पोर्ट गाडी म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर आता चोख सांगता येतं. जिच्यात दोनच जागा असतात. एक चालवणाऱ्याची आणि दुसरी सासूबाईंची.

मी घरी आले दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. नमुन्याची बस शेटजींनी ठेवून घेतली होती, म्हणून भाड्याच्या उघड्या लॉरीत, उतरवलेल्या सामानाबरोबर. ह्यांनी आणि मामंजींनी लॉरीत मागं माझा टप जसाच्या तसा उभा करून बांधला होता, त्याच्याखाली माझं बाक, आणि बाकावर मी. घाट उतरताना दर वळणावर लोक थांबून बघत होते. हसू देत. ऊन मात्र अजिबात लागलं नाही!