मोटारीतलं प्लंबिंग

खरं सांगायचं तर मेहुण्याला दाजी फारसे कळलेच नाहीत. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून उभ्या जन्माची ओळख. पण त्यांच्या मनात काय चाललंय हे विचारायची त्याची छाती झाली नाही, आणि आपणहून सांगायची दाजींना खोड नव्हती. त्यांना नळ कळायचे, नळ्या कळायच्या आणि बाकीचं जग गळकं आहे एवढं कळायचं.

दाजी प्लंबर. त्यांनी बसवलेली नळी भिंतीवरून अशी जायची की पट्टी लावून बघावी. वळायचं तर काटकोनात. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी बेसिनखाली वाकून यायचे आणि यजमानाला विचारायचे, "कुठल्या गाढवानं केलंय हे?" बहुतेक वेळा ते यजमानानंच केलेलं असायचं.

कामधंदा सोडल्यावर त्यांनी एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणून घराच्या खालच्या खोलीत कोंबली. लाल, बुटकी, आत बसलं की गुडघे कानाला लागायचे.

"हिला बोलता येत नाही ना, म्हणून लाडकी," ताई म्हणाली. तिला ती खोली शिलाई मशीनसाठी हवी होती. वाट बघून बघून तिने जुन्या गाड्यांचा एक दलाल गाठला आणि नवऱ्याला सुनावलं, "रविवारी तो येतोय. मला घेऊन ही चढावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आली, तर राहील. वाटेत मला उतरून चालावं लागलं, तर ही जाईल."

गाडी तेव्हा सुरूच होत नव्हती. पेट्रोलच्या नळ्यांना भेगा पडल्या होत्या, फिल्टरमध्ये गाळ साचला होता. दुकानदाराने नवा फिल्टर आणि त्याबरोबर रबरी नळी दिली. दाजींनी ती दोन बोटांत धरून लोंबवली.

"ही नळी की आतडं?"

ती डिकीत गेली. दाजींनी तांब्याची नळी आणली, काटकोनात वळवायला एल्बो आणले, डाख देऊन सांधे जोडले आणि मोटारीत स्वयंपाकघराचं प्लंबिंग केलं. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळं सुतासारखं सरळ. मधोमध फिल्टर, त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे, फोटोसाठी उभ्या केलेल्या नवरदेवासारखा ताठ.

मेहुणा दिवा धरून बसायचा. सरळ जाण्याच्या नादात नळी धुराच्या जाड नळकांड्याला अगदी खेटून गेली आहे, हे त्याला दिसत होतं. इंजिन सुरू करून पाहिलं तेव्हा त्याचं बोट नळीला लागून भाजलंदेखील. त्याने बोट तोंडात घातलं, पण बोलला नाही. हयातभर कचेरीत साहेबांपुढे डोलवलेली मान. ती आता आडवी कशी हलणार?

रविवारी ताई ठेवणीतली साडी नेसून दाजींच्या शेजारी बसली. दलाल खिशात हात घालून उभा राहिला. मेहुण्याला गाडीत जागा नव्हती, म्हणून तो मागून धापा टाकत निघाला. अर्ध्या चढावर गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती गप्प झाली.

दाजींनी बोनेट उघडलं. दलाल सावकाश वर आला.

"काय काका, पेट्रोल संपलं?"

"तुझी अक्कल संपली," दाजी म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

"उतरू का मी?" ताईने विचारलं.

"बसून राहा!" दाजी ओरडले. पण त्यांचा आवाज चिरकला. मेहुण्याने तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"दाजी," तो म्हणाला, "नळी तापतेय. नळकांड्याला खेटून गेलीय ना. पेट्रोलची आतच वाफ होतेय."

"मग?"

"लांबून न्यायला हवी. म्हणजे... वाकवून."

"वाकडी नळी? माझ्या हातची? भर रस्त्यात?"

"हो," मेहुणा म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"कधीपासून ठाऊक आहे तुला हे?"

"बोट भाजलं तेव्हापासून."

"मग तोंडाला काय डाख लावला होता?"

"अहो, तुमच्यापुढे तोंड उघडतंय कोण?" आतून ताई म्हणाली. "वाकवा आता! बोनेटखाली कोण पाहुणे येणार आहेत?"

इंजिन निवू दिलं. मग दाजींनी तांब्याचा तो तुकडा कापला, डिकीतली रबरी नळी काढली आणि नळकांड्यापासून दूर चांगला ऐसपैस वळसा घालून क्लिपा आवळल्या. फिल्टर तिरका लोंबकळायला लागला. दाजींनी तिकडे न बघताच बोनेट पाडलं.

गाडी चढली. टाकीला वळसा घालून खाली आली आणि थेट खोलीत शिरली, तेव्हाच ताई उतरली.

"मशीन मी वरच ठेवीन," ती दलालाला म्हणाली. "तुम्ही या आता."

पुढच्याच आठवड्यात दाजी झोपेत गेले. कुणाला काही सांगितलं नाही, तेही त्यांच्या स्वभावाला धरूनच. गाडी चढली त्या रविवारी ते एखादा बरा शब्द बोलतील म्हणून मेहुणा जरा रेंगाळला होता. दाजी पान्हे पुसत होते.

"हात धुतलेस का रे?"

"धुतले."

"साबणाने?"

"साबणाने."

"मग नीघ. जाताना दार ओढून घे."

"बरं."