अण्णांचा स्वेटर आणि माझं लग्न

आमच्या घरात स्वेटर विणायचे अण्णा, आणि नाव मात्र माझं व्हायचं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, अंबडच्या कोर्टात कारकून. बांधावरून पेटलेली भांडणं दिवसभर ऐकून डोकं उठलं, की ते मागच्या पडवीत विणायला बसायचे. हैदराबादेत शिकताना घरमालकिणीनं त्यांना हे वेड लावलेलं. चार ओळी झाल्या की कपाळावरच्या आठ्या मावळायच्या. (आईला साडी मागायची असली, की ती आधी लोकर पुढं करायची!) मी शेजारी बसून लोकरीचा गुंडा गुंडाळून द्यायची. ती पडवी मला अजून हवीहवीशी वाटते. पण ही गोष्ट घराबाहेर न्यायला सक्त बंदी होती. पुरुष माणूस स्वेटर विणतो हे कळलं तर कोर्टातले लोक जगू देणार नाहीत, ही त्यांची धास्ती!

शहात्तर साली आष्टीहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा शाळामास्तर. मला तो दारातच आवडला! मुलीच्या हातचं भरतकाम-विणकाम पलंगावर मांडून ठेवायची तेव्हा पद्धत होती. माझ्या हातचं मांडण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून आईनं अण्णांचा निळा स्वेटर मांडला. शोभेला सुयांसकट एक अर्धी बाहीही ठेवली.

"हे कुणी केलं वो?" मुलाच्या आईनं विचारलं.

"पोरीनंच! बसली की विणूनच राह्यती," आई म्हणाली.

"मंग दोन ओळी घाल बरं बाई माझ्यासमोर."

उलथनं धरावं तशा मी सुया धरल्या. पहिला टाका कसाबसा झाला. दुसऱ्याला सगळेच टाके घसरायला लागले! समोर अण्णा खुर्चीत चुळबुळले, खोकले. मी घाबरून लोकर ओढली, तर बाहीच उसवायला लागली.

"लाजून राह्यली वो पोरगी," आई म्हणाली.

"लाजल्यावर बाही उसवती का?"

"आगं थांब! सगळं वाटोळं करशील!" अण्णा ओरडले, सुया हिसकावून जमिनीवरच बसले आणि "सुलट, उलट, सुलट" पुटपुटत निघालेले टाके उचलायला लागले. पाहुणे बसलेत हे बिलकुल विसरले! ओळ पुरी झाल्यावर मान वर केली, तर सगळे त्यांच्या हातातल्या सुयांकडं बघत होते. माझं लग्न आणि अण्णांची इज्जत एकदमच गेली असं वाटून मला रडूच फुटलं.

मुलाच्या आईनं बाही डोळ्यांजवळ धरली.

"बराबर बसले की टाके! इवाई, आमच्या मालकांना बी शिकवा. रिटायर झाल्यापासून घरात नुसते चिडून राह्यले." मग माझ्याकडं वळून, "आन् तुला काय येतं गं, पोरी?"

"गुंडा गुंडाळता येतो," मी मुसमुसत म्हणाले. मुलगा खो खो हसला. सोयरीक जुळल्याशिवाय कुणी कुणाला इवाई, म्हणजे व्याही, म्हणत नाही. आई साखर आणायला आत पळाली!

पुढं सासरे खरंच विणायला शिकले. सवड मिळाली की अंबडला यायचे आणि दोघं व्याही पडवीत तासन्‌तास न बोलता विणत बसायचे. आता दोघंही नाहीत. अण्णांच्या सुया माझ्याकडं आहेत. फार आठवण आली की त्या काढून एक ओळ विणते, उसवते, पुन्हा विणते, आणि जिवाला बरं वाटतं. माझ्या हातचा स्वेटर आजवर कुणाच्या अंगावर चढलेला नाही. गुंडा मात्र असा गुंडाळते, की अख्ख्या आष्टीत तोड नाही!